तोटीच्या खालचं पाणी

३ मार्च २०१६

चि. बर्णबा यास,

सलाम. इकडे सर्व ठीक आहे. तुझी आणि सुनंदाची प्रकृती बरी असेल असं धरून चालते.

पत्र पाहून नवल करू नकोस. तुझा आष्टीचा पत्ता वडगावच्या बाजारात सुनंदाच्या भावाने दिला. फोन नंबरही देत होता, तो मी घेतला नाही. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र निदान शेवटपर्यंत वाचलं जातं.

गावची हकीकत अशी. विहिरी यंदा दिवाळीतच तळाला गेल्या. टँकर दर तिसऱ्या दिवशी येतो आणि आमच्या महिला दूध संस्थेच्या हौदात रिकामा होतो. हा हौद आम्ही दुधाचे कॅन गार ठेवायला बांधला होता. आता गार ठेवायला दूधच नाही. चारशे लिटरचं चाळीसवर आलं. बहुतेक म्हशी छावणीत आहेत. म्हणून पंचायतीने हौद मागून घेतला. मी संस्थेची सेक्रेटरी, तेव्हा हौदाची किल्ली आणि पाण्याची यादी दोन्ही माझ्याकडे आली. दर टँकरला माणशी दोन घागरी. सरपंचाच्या घरीही माणशी दोनच. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली, आता होत नाहीत. दर महिन्याच्या पंधरा तारखेला हौद घासायचा, हाही नियम मीच घातला. छबुबाई आत उतरून घासते.

छबुबाई तुला आठवत असेल. म्हाळू ऊसतोड्याची मुलगी. नवरा गेल्यापासून तोडीला जात नाही, संस्थेत कॅन धुते. तिच्याच कामासाठी हे पत्र आहे.

आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या बाप्तिस्मा रजिस्टराला कसर लागली, म्हणून पाळकसाहेबांनी मला नक्कल करायला सांगितली. ती करताना एक चूक सापडली. म्हाळूचं बिऱ्हाड दसऱ्यानंतर तोडीला जायचं ते पाडव्याला परतायचं. त्या काळी पाळक आपल्याकडे वर्षातून एकदा, नाताळात येत. म्हणजे पाळक गावात असताना म्हाळू नेहमी कारखान्यावर. फक्त १९५९ साली त्याचा पाय मोडला म्हणून ती माणसं गावात राहिली, आणि त्या नाताळात ‘छबू, म्हाळूची मुलगी’ अशी नोंद आहे. ती मुलगी दोन वर्षांची होऊन वारली. दफनाच्या वहीत तेही आहे. पुढे १९६३ साली कारखान्यावरच्या कोपीत, उसाच्या पाचटावर, दुसरी मुलगी झाली. आईने तिलाही छबूच म्हटलं. रजिस्टरात नाव आहे म्हणून पुन्हा कोणी विचारलं नाही. आपले बाबा इतकी वर्षं मंडळीचे प्रचारक होते, त्यांच्याही लक्षात आलं नाही. मी तिच्या आधार कार्डावरचं साल पाहिलं. त्या हिशेबाने तिचा बाप्तिस्मा जन्माच्या चार वर्षं आधी झाला आहे.

म्हणजे झालेलाच नाही.

मी नियमाप्रमाणे तिला सांगितलं, की बाप्तिस्मा होईपर्यंत प्रभुभोजनाच्या भाकरीला पुढे येऊ नकोस. ती कॅन घासत होती. हात थांबवून तिने विचारलं, “मंग बाई, इतके दिस मी खाल्लं ते काय व्हतं?”

मी म्हटलं, ते मला माहीत नाही, नियम मला माहीत आहे.

पाळकसाहेब लगेच बाप्तिस्मा द्यायला तयार आहेत. त्याला ओंजळभर पाणी पुरतं. पण छबू ऐकत नाही. बुडवूनच हवा म्हणते. ‘पुरी बुडवा,’ एवढंच. तेव्हा माहितीसाठी विचारते. तुमच्या पंथाच्या संगतीत बाप्तिस्मा बुडवून देतात. त्याला कमीत कमी किती पाणी लागतं? लिटरमध्ये कळवावं.

कळावे,
ह. शां. भालेराव


२० एप्रिल २०१६

चि. बर्णबा,

सलाम. कार्ड मिळालं. ‘माणूस आडवा मावेल इतकं.’ तीस वर्षांनी चार शब्द. लिटर लिहिले नाहीस ते मी काढले. पाचशे तरी हवेत. म्हणजे सोळा माणसांचं तीन दिवसांचं पाणी. हा आकडा मी छबूला सांगितला. ती म्हणाली, “मंग पाऊस पडूस्तवर थांबते की. मला कुठं कारखान्याला जायचंय?”

ती थांबेल. पण ईस्टरच्या उपासनेला ती देवळात आली आणि दाराशी, चपलांजवळ बसली. मी तिला आत बस म्हटलं. प्रभुभोजनाला मनाई आहे, बसायला नाही. ती म्हणाली, हितं बरं हाय बाई, वारं लागतंय. सगळे पुढे गेले तेव्हा तिने मान खाली घातली आणि कुणाच्या तरी उलट्या पडलेल्या चपला सुलट्या करून ठेवल्या. माझ्याच होत्या.

मला त्या दिवशी भाकरी गिळताना त्रास झाला. हे मी कुणाला बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ओंजळभर पाण्यात काय कमी आहे ते एकदा सांग, म्हटलं. बाबांनी मंडळीतल्या सगळ्यांना शिकवलं होतं, की पाणी ही खूण आहे, काम करतो तो आत्मा, आणि आत्म्याला घागरी मोजाव्या लागत नाहीत. मीही तेच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “वंजळभर पाणी आमी लई घेतलं, बाई. मुकादमाची बायकू वरून वतायची आन् आमी खाली वंजळ धरून बसायचं. देवाच्या घरी बी वंजळच का?”

मी बी.एस्सी. आहे, सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, आणि मी तिला पुन्हा तेच, खूण आणि आत्मा, सांगू लागले.

मग ती आणखी एक बोलली. तुला मांजरेच्या डोहात बुडवलं त्या श्रावणात ती काठावर होती. “शेरडं घेऊन गेलते,” म्हणाली. “बर्णबा पान्यातून वर आला तवा हसत हुता. तसं हसताना मी माणूस पाह्यलं नव्हतं. आन् बाई, रागावू नका, तुमाला तर इतक्या वर्सात कधीच न्हाई.”

मी रागावले नाही. घरी आले.

गेल्या शनिवारी संस्थेची मासिक सभा होती. मी हा विषय आयत्या वेळचा म्हणून मांडला. मला वाटलं, नाही म्हणतील आणि विषय संपेल. आमच्या अध्यक्ष जानकीबाई, त्यांच्या घरी माळ आहे, एकादशी मोडत नाहीत. त्यांना बाप्तिस्मा म्हणजे काय ते मी पाच मिनिटांत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की तोटीच्या खालचं पाणी कुणाचं?

तुला हौद माहीत नाही. त्याची तोटी तळापासून दीड फुटावर आहे. त्याखालचं पाणी कुणाच्या घागरीत येत नाही. गाळ बसलेला असतो. पंधरा तारखेला घासायच्या आधी ते बादल्यांनी उपसून गावात उरलेल्या म्हशींना पाजतात. माझ्या यादीत ते पाणी नाहीच. दीड फूट पाण्यात माणूस आडवा मावतो. पाचशे लिटरचा हिशेब करणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

“म्हशीचं पाणी हाय,” जानकीबाई म्हणाल्या. “म्हशीला इचारा, आमाला काय इचारता?” बायका हसल्या.

पंचायतीचे अर्जुनराव दाराशी उभे होते. पाण्याचा विषय असला की ते येतात. ते म्हणाले, हौद गावाच्या पिण्याचा आहे, त्यात माणूस बुडवायचा, आणि तेही... पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं. छबू कोपऱ्यात चहाचे कप विसळत होती, तिलाही.

जानकीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “अर्जुनराव, दर म्हैन्याला आत उतरून हौद घासती कोण? ह्यीच ना? तिचे पाय हौदात चालतेत, आन् डोकं कावून चालत न्हाई?”

अर्जुनरावांनी चपला पायात सरकवल्या. मग, नंतर चुना मारून घ्या, एवढं बोलून गेले. चुना आम्ही दर महिन्याला मारतोच.

तेव्हा ठराव झाला. पंधरा मे, रविवार. पाळकसाहेब त्या दिवशी येणारच आहेत, पेन्टेकॉस्टचा, आत्मा उतरल्याचा सण आहे. बुडवून द्यायला त्यांची हरकत नाही. ते म्हणाले, आपल्या मंडळीत दोन्ही रीती पहिल्यापासून मान्य आहेत, बाई, तुम्हाला ठाऊक असेलच.

मला ठाऊक होतं. १९८६ सालीही ठाऊक होतं.

वरचा ठराव खरोखर झाला, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह, हे मी मुद्दाम लिहिते. कारण एक ठराव झाला नव्हता. तू डोहातून आल्यावर पंधरा दिवसांनी तुला जे पत्र गेलं, ‘पंच कमिटीने ठराव करून आपले नाव मंडळीच्या रजिस्टरातून कमी केले आहे,’ ते पत्र मी लिहिलं. तसा ठराव झाला नव्हता. सभाही झाली नव्हती. लाल शाईने तुझ्या नावावर रेघ मी मारली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मंडळीची चिटणीस मीच होते, खाली ‘चिटणीस’ अशी सही केली, म्हणजे बहिणीची करावी लागली नाही.

तू बाबांसमोर म्हणाला होतास, की मला लहानपणी नुसतं ओलं केलं, बाप्तिस्मा आता झाला, आत्मा आता मिळाला. बाबा गप्प बसले. मला वाटलं तू त्यांचा अपमान केलास. त्यांना तसं वाटलं होतं का, हे मी विचारलं नाही. ते दर नाताळात विचारायचे, बर्णबाला ये म्हणून लिहिलंस का? मी हो म्हणायचे. त्यांना वाटलं तू येत नाहीस. तुला वाटलं त्यांनी तुला काढलं. मधे मी होते, माझ्याकडे रजिस्टर होतं. त्यांच्या मातीला तू आलास, कबरस्तानाच्या फाटकाजवळ उभा राहिलास, आणि मी तुला मूठमाती द्यायला पुढे बोलावलं नाही.

हे तुला सांगायला मला छबूचं निमित्त लागलं. पाण्याचे लिटर विचारायला मी पत्र लिहिलं नव्हतं, हे तू ओळखलं असशील.

पंधरा तारखेला ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. म्हणत नाही.

हन्ना


१६ मे २०१६

प्रिय बर्णबा,

सलाम. तुझं पत्र आलं नाही. न लिहिण्याचा तुझा हक्क आहे.

पण शुक्रवारी आमचा टेम्पोवाला राधाकिशन दूध घालून परत आला तो एक पुडकं घेऊन. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आष्टीकडच्या एसटी ड्रायव्हरने ठेवलं होतं, वर आमच्या संस्थेचं नाव. आत दोन पांढरी सुती पातळं. चिठ्ठी नाही. मी पुडकं उलटंपालटं करून पाहिलं, वर्तमानपत्राची घडीसुद्धा उलगडून पाहिली. एक पातळ पाण्यात उतरायला आणि एक बाहेर आल्यावर बदलायला, असा अर्थ मी लावला आणि दोन्ही छबूला दिली. तिने हात पुसून घेतली आणि म्हणाली, बर्णबाला आठवण हाय म्हणायची.

काल चार वाजता आम्ही हौदावर जमलो. मंडळीतली अकरा माणसं आणि गावातल्या वीसेक बायका. कशाला आलात म्हटलं, तर म्हणाल्या, बघाया. दोन म्हशीही बांधलेल्या होत्या. पाणी त्यांचं होतं, त्यांनी यावं हे रास्तच आहे. अर्जुनराव आले नाहीत, पण त्यांची सून सत्यभामा आली, बादल्या घेऊन.

पाणी गुडघ्याच्या खाली, जरा गढूळ. पाळकसाहेब तरुण आहेत, बारीक अंगाचे. ते पँट दुमडून उतरले. छबू पांढऱ्या पातळात उतरली. दर महिन्याला उतरते तशी नाही, कडेला धरून, हळू, नव्या घरात पाय टाकावा तशी. ती पाण्यात बसली, पाळकसाहेबांनी मानेखाली हात दिला आणि मागे झुक म्हणाले. ती झुकली. पण तिने वीस हंगाम उसाच्या मोळ्या वाहिल्या आहेत आणि पाळकसाहेबांनी आयुष्यात पाण्याची घागर उचललेली दिसत नाही. त्यांचा तोल जाऊ लागला. त्यांनी वर पाहिलं.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि उतरले. दुसऱ्या बाजूने तिच्या पाठीखाली हात घातला. पाळकसाहेबांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणायला सुरुवात केली, आणि माझा पाय सरकला. शेवाळ. पंधरा तारखेला घासायचा नियम माझाच, आणि पंधरा तारखेचं घासणं अजून व्हायचं होतं. छबू खाली गेली त्याच क्षणी मीही गेले. डोक्यासकट, चष्म्यासकट.

मी वर आले. छबू उभी होती. केसांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, गळू देत होती. दोन्ही हात बाजूला सोडलेले. ओंजळ नाही. पाळकसाहेब माझा चष्मा चाचपडत होते.

मग जानकीबाईंनी विचारलं, “पाळकसाहेब, दोघींचं बी झालं म्हणायचं का?”

“नाही,” मी म्हटलं. “माझा १९५० सालीच झालेला आहे. तो पुन्हा होत नाही. मी घसरले.”

हे मी जितक्या गंभीरपणे बोलता येईल तितक्या गंभीरपणे बोलले, नाकातून पाणी येत असताना. आधी सत्यभामाने तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच हसायला लागल्या. आणि बर्णबा, मला थांबवता येईना. मी हौदाच्या कडेला धरून हसत होते. पोट दुखेपर्यंत. मला वाटतं मी शेवटची अशी हसले ती कॉलेजात.

छबूने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. “हसलात,” म्हणाली. बस्स.

नंतर बायकांनी पाणी उपसलं, म्हशींनी ते पिऊन टाकलं. छबू ओल्या अंगाने पुन्हा आत उतरली आणि ब्रश घेऊन घासायला लागली. मी म्हटलं, आज राहू दे. तिने मान वर केली नाही. “पंधरा तारीख हाय, बाई.” मग मी दुसरा ब्रश घेतला. चुना सत्यभामाने मारला. सहा वाजता उपासना झाली, प्रभुभोजन झालं, आणि छबू पुढे आली. ती माझ्याआधी रांगेत होती. यादी करायची सवय असल्यामुळे मी हे पाहिलं.

पाण्याखाली काही झालं का, हे तू विचारशील. नाकात पाणी गेलं. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण जे झालं नाही ते झालं म्हणून मी एकदा लिहिलेलं आहे, आणि ते पुरे आहे. एवढंच सांगते, की त्या दोन क्षणांत मला कुठलीही यादी आठवत नव्हती.

रात्री अंथरुणावर पडून मी छबूच्या त्या प्रश्नाचा विचार केला, इतके दिवस तिने खाल्लं ते काय होतं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आठ महिने त्यांचं अंथरूण कोण धूत होतं, तुला ठाऊक नाही. मी शाळेत जायचे. त्यांचं अंग छबू पुसायची, तोडीला न जाता, कुणी न सांगता. शेवटचं पाणी त्यांच्या तोंडात चमच्याने तिने घातलं. पवित्र शास्त्रात एका परक्या माणसाच्या घरादारावर आत्मा आधी उतरला आणि पाणी नंतर आणावं लागलं, ती गोष्ट बाबा आपल्याला कंदिलापुढे सांगायचे. मला ती कधी पटली नाही, क्रम चुकलेला वाटायचा. आता वाटतं, छबूचं फक्त पाणी राहिलं होतं. दुसरं तिच्याकडे पहिल्यापासून होतं. माझं पाणी वेळेवर झालं, तारखेसकट नोंदलेलं आहे. आत्म्याचं मला सांगता येत नाही. पण मागायला हरकत नसावी. वय सहासष्ट असलं तरी.

आज सकाळी रजिस्टर काढलं. छबुबाई, म्हाळूची मुलगी, १५ मे २०१६, अशी नोंद केली. थोरल्या छबूची नोंद होती तिथेच आहे, तिला हात लावला नाही. मग १९५६ चं पान उघडलं. तुझ्या नावावरची लाल रेघ पुसली जात नाही. ब्लेडने खरवडून पाहिली, कागद फाटायला लागला. म्हणून शेजारी लिहिलं, ‘ही रेघ चुकीने, विनाठराव मारलेली आहे. नाव कायम आहे.’ खाली सही केली. पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांनी काही न विचारता आपलीही सही केली.

राहता राहिलं दुसरं पातळ. काल घासून झाल्यावर छबूने ते माझ्या अंगावर टाकलं. तुझं आहे, बदलायला दिलंय, म्हटलं. ती म्हणाली, माझं लुगडं हाय दोरीवर, तुमचं काय हाय? आणि खरंच, मी कोरडं काही आणलं नव्हतं. मी भिजेन असं माझ्या हिशेबात कुठे नव्हतं. तुझ्या होतं की नाही, मला माहीत नाही. तू दोन का पाठवलीस ते मी विचारत नाही.

सूत चांगलं आहे. हे पत्र लिहिताना तेच अंगावर आहे.

यायचं तर आधी कळव, असं लिहिणार होते. कळवू नकोस. नाताळापर्यंतही थांबू नकोस, पाळक आता दर महिन्याला येतात. कबरस्तानाच्या फाटकाची किल्लीही माझ्याकडेच असते. मूठमातीला उशीर झाला असं बाबा म्हणणार नाहीत.

सुनंदास आशीर्वाद.

तुझी,
आक्का